पोटात गेलेलं साळिंदर

जुनी नाणी कशी हाताळावीत, हे मला कुणी शिकवू नये! कडेला धरावं, खाली मऊ कापड पसरावं आणि ऑस्बर्ट थर्केटलच्या हातात काहीही देऊ नये. यातला शेवटचा नियम मी मोडला आणि मग जो तमाशा झाला, त्याने माझं डोकं अजून तापलेलं आहे.

ऑस्बर्ट माझा मित्र. म्हणजे मित्रच म्हणायचं. इंग्लंडातल्या सफक परगण्याच्या चिखलात आम्ही दोघं धातू शोधायची यंत्रं घेऊन वर्षानुवर्षं हिंडतोय. बहुतेक वेळा खिळे सापडतात, नाहीतर बाटल्यांची झाकणं! पण यंदा गॅरडबाईंच्या नांगरलेल्या शेतात, ज्या सरीवरून ऑस्बर्ट शीळ घालत नुकताच पुढे गेला होता, तिथेच माझं यंत्र किंचाळलं. चांदीचं नाणं! करंगळीच्या नखाएवढं, सॅक्सन लोकांचं, तेराशे वर्षांपूर्वीचं! त्यावर अंगावरचे काटे फुलवलेलं साळिंदर. गॅरडबाई मोठ्या मनाच्या. म्हणाल्या, "लायनेल, तुला सापडलं, तूच ठेव." ऑस्बर्टचा चेहरा शिळ्या पुडिंगसारखा झाला.

रविवारी दुपारी मी त्याला मुद्दाम चहाला बोलावलं. नाणं दाखवायला. बरं, जळवायला!

त्याने भिंग लावलं. नाणं इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं.

"साळिंदर कसलं? राजाचं डोकं आहे हे. तू उलटं धरतोयस."

"हे काटे दिसत नाहीत तुला?"

"केस आहेत ते!"

"केस? वीज पडली होती का राजावर?"

"आणि तू सफकमध्ये साळिंदर पाहिलंयस कधी? आरशाबाहेर?"

आता मला सांगा, माझ्याच घरात, माझ्याच बिस्किटांवर ताव मारणाऱ्या माणसाकडून हे ऐकून घ्यायचं? मी त्याच्या मनगटावर झडप घातली. "दे इकडे!" तो म्हणाला, "थांब, अजून बघतोय!" मी ओढलं, त्याने ओढलं आणि नाणं उडालं.

टेबलावर नाही. टेबलाखाली नाही. गालिच्यावर नाही!

"खिशात टाकलंस," मी म्हणालो.

ऑस्बर्ट पांढरा पडला, मग लाल झाला. "मी? चोर?"

"ज्या सरीत तुला काही दिसलं नाही, ती तुला खुपतेय. कबूल कर!"

"बघ! नीट बघ!" त्याने खिसे उलटे केले. सुतळी निघाली, खोकल्याच्या गोळ्या निघाल्या. मग त्याने कोट आपटला, जाकीट फेकलं आणि रागाच्या भरात विजारही काढून माझ्या अंगावर भिरकावली. नेमकी तेव्हाच माझी बायको मेव्हिस केक घेऊन आत आली.

"ऑस्बर्ट," ती शांतपणे म्हणाली, "निदान पडदे तरी ओढायचेस."

ओरडून ओरडून माझा घसा कोरडा पडला होता. समोरचा गार झालेला चहा मी एका दमात घशाखाली ओतला. आणि चहात नसावं असं काहीतरी घशातून खाली गेलं.

ऑस्बर्टने माझ्या रिकाम्या कपात डोकावून पाहिलं.

"गिळलंस?" ऑस्बर्टने विचारलं.

मी मान डोलावली.

"गाडीत बस!" तो ओरडला. त्याने माझं बखोट धरलं आणि आम्ही थेट इस्पितळात. त्याची विजार घरीच राहिली!

परिचारिका धावत आली ती त्याच्याकडे. "काय होतंय आजोबा? बसा. घरचं कुणी आहे का सोबत?"

"पेशंट मी आहे!" मी ओरडलो.

"मग हे कोण?"

"हा... मित्र आहे माझा."

क्ष-किरणांचा फोटो पाहून तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काळजी नको. बटण लहान आहे, आपोआप बाहेर पडेल."

"बटण?" आम्ही दोघं एकदम ओरडलो. या विषयावर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"पण डॉक्टर," ऑस्बर्ट काकुळतीला आला, "पोटातल्या आम्लाने चांदी खराब नाही ना होणार?"

"लेका, माझं आतडं फाटलं तर?"

"तू गप्प बस! तुझ्यासारखी आतडी पैशाला पासरी मिळतात!"

तरीही पुढचे दिवस हा माणूस रोज सकाळी दारात हजर. हातात, पोट साफ व्हावं म्हणून, उकडलेल्या आलुबुखाराचा डबा. "खा. सगळा खा. चोर म्हणालास ना मला? खा मुकाट्याने." शेवटी नाणं आलं. सुखरूप आलं. मेव्हिसने स्वयंपाकघरातली एक गाळणी कायमची बाहेर फेकली आणि माझ्याशी बोलणं काही काळ बंद केलं.

मी नाणं साबणाने धुतलं, पुन्हा धुतलं आणि आमच्या धातुशोधकांच्या मंडळाच्या बैठकीला घेऊन गेलो. एरवी तिथे नाणी हातोहात फिरतात, पण या नाण्याचा प्रवास आधीच सगळ्यांच्या कानावर गेला होता. माझं नाणं बशीत ठेवल्याबरोबर सगळ्यांना आपापल्या मांडीवरचे रुमाल नीट करायचे होते! पाहुण्या म्हणून आलेल्या गॅरडबाईंनी ते साखरेच्या चिमट्याने उचललं, लांबूनच "छान, छान" केलं आणि चिमटा थेट मोरीत टाकला. माझं डोकं भणभणलं. मी उठून जाणार, एवढ्यात ऑस्बर्टने हात पुढे केला.

त्याने नाणं उघड्या बोटांनी उचललं. भिंग लावून सावकाश न्याहाळलं, अंगठ्याने पुसलं आणि बशीत परत ठेवलं. मग त्याच बोटांनी केकचा तुकडा उचलून तोंडात टाकला. सगळ्यांच्या देखत!

माझे डोळे भरून आले. बाकीच्यांना मळमळलं.

मित्र असावा तर असा! त्याच्या जागी मी असतो ना, तर चिमट्यानेसुद्धा हात लावला नसता!