खळीचा बर्फ

मुलांनो, घटकाभर असं समजा की साल चौऱ्याहत्तर आहे, तुम्ही भिवंडीजवळच्या एका गावात राहता आणि बर्फ तुम्ही पाहिलाय तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. अशात शाळेच्या पटांगणात कोऱ्या कापडाचा पडदा बांधून कुणी सिनेमा दाखवला, आणि त्यात तुमच्याएवढी एक पोर बर्फाच्या मैदानावरून पाखरासारखी घसरत गेली, तर तुमचं काय होईल?

चंद्राचं तेच झालं. दुसऱ्या दिवसापासून ती चालेनाशी झाली. घसरूच लागली.

सिनेमा इंग्रजी होता. केसरीनाथ गुरुजी कर्ण्यावरून अर्थ सांगत होते. "ही मुलगी हुशार, पण एकटीच मिरवायची, म्हणून हरली. आता बघा, मैत्रिणींचे हात धरलेन्, जिंकली. सगळ्यांनी मिळून करायचं असतं."

चंद्राचा बाप रघू महादूशेटच्या कारखान्यात कापड विणायचा लूम चालवायचा. त्याने सूत गुंडाळून धोट्यात घालायच्या चार फुटक्या लाकडी कांड्या मागून आणल्या. चंद्राने दोन फळ्यांखाली त्या चाकांसारख्या बसवल्या, वर जुन्या पट्ट्याचे बंद ठोकले आणि शाळेच्या शहाबादी ओट्यावर अशी गिरकी घेतली की गुरुजींच्या हातातला चहा बशीत सांडला.

"ठरलं," गुरुजी म्हणाले. "संमेलनात हाच सिनेमा स्टेजवर. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात असं कुणी केलं नसेल."

"चंद्रे, तू पुढं असशील ना?" रघूने घरी विचारलं. त्याची नेहमी दुपारची शिफ्ट. लेकीचा एकही कार्यक्रम त्याने पाहिला नव्हता.

"मधोमध," चंद्रा म्हणाली.

मग पाहुणे ठरले महादूशेट. शाळेच्या छपराला पत्रे देणार होते. त्यांची लेक तुळजा चंद्राच्याच वर्गात. गुरुजींनी चंद्राच्या पायातल्या फळ्या सोडून तुळजाच्या पायाला बांधल्या.

"मला न्हाय येत ओ गुरुजी," तुळजा रडकुंडीला आली.

"तुला फक्त उभं राहायचंय. कमरेला दोरी बांधू. चंद्रा विंगेतून ओढेल."

"मंग मी कुणाला दिसंन?" चंद्राने विचारलं.

"दिसणारा एक असतो, राबणारे दहा. त्यालाच संघभावना म्हणतात, बाळ."

चंद्राने घरी हे सांगितलंच नाही. रघूने कारखान्यातल्या दामूबरोबर शिफ्ट बदलली, त्यासाठी रात्रपाळी केली आणि न झोपता पटांगणात येऊन बसला.

राहिला बर्फ. सूत ताठ करायला कारखान्यात खळ लावतात, ती वाळली की काचेसारखी चमकते, हे गुरुजींनी पाहून ठेवलं होतं. सकाळी त्यांनी बादलीभर खळ स्टेजवर ओतून घेतली आणि एक बादली दुसऱ्या हातासाठी कोपऱ्यात ठेवली. दुपारपर्यंत बर्फ असा चमकला की गुरुजी स्वतःचाच भांग त्यात बघून आले. वर साय धरली होती. खाली सगळा चिकटा तसाच होता.

चार वाजता पडदा उघडला. पांढऱ्या झग्यातल्या सात मुली आणि मधोमध तुळजा, हातात हात. काही झालं तरी हात सोडायचे नाहीत, अशी गुरुजींची सक्त ताकीद होती. तुळजा वीतभर सरकली आणि रुतली.

"ओढ," गुरुजी विंगेत पुटपुटले.

"गुरुजी, चाकं धरलीत. पडंल ती."

"ओढ म्हणतो ना."

चंद्राने ओढलं. तुळजा निघाली, फळ्या जागेवरच राहिल्या. तुळजा आडवी झाली आणि हात न सोडल्यामुळे सातही जणी एकामागून एक, माळेतून मणी घसरावेत तशा तिच्या अंगावर. उठायला गेल्या तर चिकटून दोघींत एक झगा. लोकांना वाटलं, सिनेमात असंच आहे. टाळ्या पडल्या. महादूशेट लेकीला उचलायला धावले, त्यांची एक चप्पल पहिल्या पावलाला राहिली, दुसरी दुसऱ्याला, आणि तिसऱ्या पावलाला शेट नव्या टेरिलिनच्या पँटीसकट बसले. मागून कुणी ओरडलं, "वन्स मोर."

"दोरी कोण ओढत होतं?" शेटनी बसल्या जागेवरून विचारलं.

गुरुजींनी क्षणभर चंद्राकडे पाहिलं. मग माईक हातात घेतला. "रघूच्या चंद्रानं संघभावना पाळली नाही. त्याबद्दल शाळा दिलगीर आहे."

बापाने लेकीचं नाव कर्ण्यावर पहिल्यांदा ऐकलं ते असं.

लोक पांगले. स्टेज खरवडायची शिक्षा एकट्या चंद्राला झाली. रघू पुढच्या, पाहुण्यांच्या बाकावर येऊन बसला. "मधोमध म्हनाली व्हतीस," एवढंच बोलला.

स्टेजच्या खरवडून झालेल्या मध्यावर खुर्ची टाकून गुरुजी शेटना माफीपत्र लिहीत होते. चंद्राने पुढची कडा घासून धुतली. स्टेजच्या ओल्या फळीवर पाय निसटला, तसा तिने निसटू दिला, आणि अनवाणी एक अख्खी गिरकी घेतली. रघू बाकावरून अर्धा उठला.

"वा," गुरुजी मान वर करून म्हणाले. "हेच पुढच्या वर्षी तुळजाला शिकव हं." आणि पुन्हा पत्रात बुडाले.

चंद्रा थांबली. कोपऱ्यातली भरलेली बादली तिने उचलली, आणि आई अंगण सारवते तशी, आवाज न करता, मागे सरकत, गुरुजींच्या खुर्चीभोवती चहूकडून खळ सारवत पायरीपर्यंत आली. हात धुतले. फ्रॉकला पुसले. मग पाहुण्यांच्या त्या बाकावर बापाला खेटून बसली आणि दोघं गुरुजींचं पत्र संपायची वाट बघू लागली.