चाळणीशी वैर

नाना कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्याशी चपला काढतात आणि पाण्याआधी पिठाचा डबा मागतात. डबा आला की चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन अंगठ्यानं चोळतात, उजेडाकडे धरतात आणि कुणीतरी गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणतात, "चाळेल शे."

मग ठरलेलं वाक्य येतं. "कोंडा फेकी दिधा, मंग उरनं काय?"

धुळ्याला देवपुरात आमची दारं समोरासमोर. नाना एसटीत कंडक्टर होते. विनातिकीट प्रवासी शोधण्याची नजर निवृत्तीनंतर रिकामी राहिली, ती त्यांनी गल्लीच्या स्वयंपाकघरांकडे वळवली. कुणाकडे मैद्याचा पाव येतो, कुणाची पोळी जास्तच पांढरी दिसते, पॉलिशचा तांदूळ कुणी भरला, सगळं त्यांना ठाऊक. पोरं त्यांना मागून 'कोंडेनाना' म्हणतात. तेही त्यांना ठाऊक आहे.

चोपड्याला एका लग्नात त्यांच्या शेजारी जेवायला बसायची वेळ माझ्यावर आली. पानात पुरी पडायच्या आत नानांनी पिशवीतून फडकं काढलं आणि कळण्याची भाकरी उलगडली. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून केलेली, काळपट, जाड. नवरीचे मामा धावत आले. "नाना, आमच्या जेवणात काही खोट आहे का?"

"खोट काही नाही," नाना शांतपणे म्हणाले, "कोंडाही नाही."

मामांचा चेहरा पडला. तरी त्यांनी, आणि आणखी दोघांनी, मानासाठी एकेक तुकडा मागून घेतला. नाना परतीच्या गाडीत सगळ्यांना चहा पाजावा इतके खुशीत होते. मी त्यांना सांगितलं नाही की ते तिन्ही तुकडे मला हात धुताना खरकट्याच्या टोपलीत दिसले होते.

दहा वर्षं हे चाललंय. गल्लीत एकाही घरातली चाळणी गेली नाही. बायका नाना येताना दिसले की ती फ्रिजमागे सरकवतात. मीही सरकवते.

एकदा मात्र माझा तोल गेला. शाळेत शिकवून थकून आले होते, आणि नाना डबा मागत दारात. मी म्हटलं, "नाना, लोकांच्या पोटाची उठाठेव तुम्हाला कशाला?"

ते रागावले नाहीत. ओट्यावर बसले. "घरी चल," म्हणाले, "अक्काला भेट."

अक्का म्हणजे त्यांची बायको. साखरेच्या आजारानं तिचा आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. हे मला माहीत होतं. उठण्याआधी नाना जे सांगू लागले ते माहीत नव्हतं. साक्री, चोपडा, अमळनेर, जिथं मुक्कामी गाडी असे तिथल्या स्टँडजवळच्या बेकरीतून ते अक्कासाठी मैद्याच्या टोस्टचा पुडा आणत. बावीस वर्षं. "चार दिवसांनी माणूस घरी येतो, हात हलवत कसा येईल? चहात बुडवून अख्खा पुडा संपवायची. मी समोर बसून बघायचो. मला वाटायचं, मी हिला सुख देतोय."

डॉक्टरांनी त्यांना अनेकदा सांगितलं होतं की हा आजार अक्काच्या माहेरीच आहे, एकट्या टोस्टनं असं होत नाही. नानांनी ते कधी मानलं नाही.

यंदा उन्हाळ्यात अक्काच्या किडन्या थांबल्या. दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, आता तिला आवडेल ते द्या. नाना भर दुपारी छत्री न घेता गेले आणि टोस्टचा पुडा घेऊन आले. मी अक्काच्या उशाशी होते. त्यांनी टोस्ट चहात भिजवला, चमच्यानं तिला भरवला. तिनं दोन घास गिळले आणि मान फिरवली. नाना बशी घेऊन आत गेले.

अक्कानं माझा हात ओढला. "पोरी, माले टोस्ट कधीच आवडनात नहीत," ती हळू बोलली. "हे इतक्या लांबून आणायचे. तोंडाकडे बघत बसायचे. मग खायचे मी." थोडा दम घेऊन म्हणाली, "यास्ले सांगू नको."

चौथ्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा मी नानांकडे गेले. ते भिंतीला टेकून बसले होते. घरात सांडलेलं काहीतरी सुकलं होतं, ते कुणी पुसलं नव्हतं. मी शेजारी बसले.

"मी माझ्या हातानं तिला आजार चारला," ते म्हणाले. "एवढंच मनाला समजावतो, की जे खाल्लं ते तिनं आवडीनं खाल्लं." मग माझ्याकडे वळले. "तू शेवटी जवळ होतीस. फार आवडायचे ना गं तिला?"

"हो नाना," मी म्हटलं. "फार आवडायचे."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.