कलम सात : दार

मी फक्त एकच शब्द बदलायचं ठरवलं होतं. (हे मी नंतर तिघांना सांगितलं. विश्वास कोणीच ठेवला नाही.)

माझे बाबा आर्किटेक्ट आहेत. रेषा फार सुंदर काढतात. पण रेषांच्या शेजारी सुतारासाठी ज्या सूचना लिहितात, त्या वाचताना सुताराला आपण चुकून कविसंमेलनाला आलो असं वाटतं. मागच्या वर्षी स्वयंपाकघराच्या नकाशावर त्यांनी लिहिलं होतं, 'कपाटे सोयीच्या उंचीवर लावावीत.' आमचे सुतारकाका सव्वासहा फूट उंच आहेत. त्यांनी आपल्या सोयीने लावली. तेव्हापासून आई साखर काढायला स्टुलावर चढते आणि वर पोचली की बाबांबद्दल काहीतरी पुटपुटते.

आई वकील आहे. कोर्टात कमी जाते, करारनामे जास्त लिहिते. तिच्या कागदांत एकही सुंदर वाक्य नसतं, पण ते वाचून कोणावर स्टुलावर चढायची वेळ आलेली नाही.

यंदा मागच्या गॅलरीत माझ्यासाठी खोली करायचं ठरलं. आजवर मी हॉलमध्ये, आत्याची मालिका आणि बाबांचे पाहुणे यांच्या मधोमध बसून अभ्यास करत आले. पाहुण्यांनी "काय वाचतेस?" असं विचारलं की मला हातातल्या पुस्तकाचं नावसुद्धा आठवत नाही. त्यामुळे मला खोलीपेक्षाही दार हवं होतं. बंद होणारं.

बाबा आठवडाभर बाहेरगावच्या साइटवर निघाले होते. माझं अक्षर बरं आहे म्हणून सुतारकाकांसाठीच्या सूचना स्वच्छ लिहून काढायचं काम त्यांनी मला दिलं. कागदावर होतं, 'खोली आणि घर यांचा संवाद तुटू नये. प्रवेशाशी दाराचा केवळ भास असावा.'

मी ते तीनदा वाचलं. भास बंद करून आत बसता येत नाही. बाबांना तोंडाने सांगायला गेले असते, तर त्यांनी मला 'अवकाश' या विषयावर अर्धा तास समजावलं असतं आणि मी शेवटी "बरं" म्हटलं असतं. (मी नेहमी "बरं"च म्हणते.) म्हणून बाबा गेल्यावर 'दाराचा केवळ भास' एवढं गाळून मी 'दार' लिहिलं.

मग शंका आली. बाबा पडद्यालाही दार म्हणू शकतात. जेवताना मी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं की करार लिहिताना समोरचा माणूस लबाड आहे असं धरून चालायचं का.

"नाही गं," आई म्हणाली. "समोरचा घाईत आहे असं धरायचं. आणि आपण समजावून सांगायला तिथे नाही, असं."

पुढे तिने बरंच सांगितलं. शब्दाचा अर्थ आधीच सांगून टाकायचा, एका वस्तूला शेवटपर्यंत एकाच नावाने हाक मारायची, आणि काम कोणी करायचं ते कधीच मोघम ठेवायचं नाही. तिला वाटलं, शाळेचा प्रकल्प आहे. मी तसं म्हटलं नव्हतं. नाही असंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या एका शब्दाची चार पानं आणि तेवीस कलमं झाली होती. शेल्फच्या कलमात उंची सेंटिमीटरमध्ये देऊन मी लिहिलं, 'ही उंची खोलीत राहणाऱ्या मुलीच्या सोयीची आहे, सुतारकाकांच्या नव्हे.' पण माझं खरं लाडकं कलम सातवं. 'दार म्हणजे पूर्ण बंद होणारी लाकडी फळी. पडदा, जाळी, मण्यांच्या माळा आणि दाराचा भास ही दारे नव्हेत. दार ओढताच लॅच आपोआप लागावे. बाहेरून कोणीही, कोणत्याही कारणाने दार उघडू शकणार नाही, असे लॅच असावे.' शेवटच्या वाक्यावर मी विशेष खूश होते. आत्या दार वाजवत नाही.

सुतारकाकांनी चारही पानं उभ्याउभ्या वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि मापं घ्यायला लागले. एरवी ते दिवसातून दहादा बाबांना फोन करतात. या वेळी एकही फोन गेला नाही. बाबांनी समजायचं ते समजून घेतलं : काम बंद आहे. ते दोन दिवस आधीच परत आले, ते वाटेत रागवण्याची पूर्ण तयारी करून.

खोली तयार होती. बाबांनी कागद मागितला आणि मी आत्याच्या मागे उभी राहिले.

"हे मी लिहिलेलं नाही," शेवटी ते म्हणाले.

"ते कळतंच, साहेब," सुतारकाका म्हणाले. "वीस वर्षं तुमच्याकडे काम करतोय. काय करायचंय ते पहिल्यांदाच कळलं."

आई तेव्हा चहासाठी साखर काढायला स्टुलावर होती. ती इतकी हसली की उतरायला तिला बाबांचाच हात धरावा लागला. मग बाबा माझ्या खोलीत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. वीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा चेहरा निवळला होता.

"आत कोणीच नाही," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "माझ्याकडे एका दवाखान्याचं काम आहे. त्याच्या सूचना लिहून देशील?"

मी दिल्या. 'उतार म्हणजे ज्यावरून चाकांच्या खुर्चीतला माणूस कोणी न ढकलता वर जाऊ शकतो तो,' असं त्यात एक कलम होतं. उतार पहिल्याच खेपेला बरोबर झाला. बाबांच्या ऑफिसात आता एक पाटी आहे : 'योग्य, सोयीचे, शोभेल असे' हे शब्द वापरण्यास मनाई. तिथल्या चार मोठ्या माणसांसमोर उभं राहून मी विचारलं, "योग्य म्हणजे किती?" आवाज कापला नाही. चौघांनी चार वेगवेगळी मापं सांगितली. त्या दिवशी मी घरी चालत आले, पण पाय जमिनीला लागत नव्हते.

सातव्या कलमात एक बारीकशी अडचण आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बाहेर पडताना मी दाराला जाडजूड शब्दकोश टेकवून ठेवत असे. (एवढ्या कौतुकानंतर चूक कोण कबूल करतं?) आज आत्याने खोली झाडली, शब्दकोश उचलून शेल्फवर नीट ठेवला, आणि बाहेर येऊन दार ओढलं.

उद्या माझी परीक्षा आहे. वह्या आत आहेत. खिडकीला गज आहेत, कारण कलम अकरा. सुतारकाकांना फोन केला तर ते म्हणाले, "कागदात 'कोणीही' आहे, म्हणजे मीही आलो. आधी दुरुस्तीचा कागद द्या." आई तो लिहिते आहे. तिच्या मते 'कोणीही'मध्ये मीसुद्धा येते आणि अपवाद लिहायला मी विसरले.

बाबांनी ते चकचकीत दार एकदा ढकलून पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून फार समाधानाने म्हणाले, "बघ, झाला की नाही शेवटी दाराचा केवळ भास?"

मी म्हटलं, "बरं."