मागच्या खोलीची मोजणी

नजर घारीची, कान सशाचे आणि स्मरणशक्ती... इथे भावोजींना पुढचं आठवायचं नाही. पण अख्ख्या पोलीसखात्याला वर्षभरात सुचत नाही तेवढं आपल्याला दात घासताना सुचतं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कार्डावर त्यांनी 'खाजगी शोधतज्ज्ञ' एवढंच छापलं होतं, तेही विनयापोटी. उभा जन्म विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारण्यात गेल्यामुळे समोरचा माणूस खोटं बोलतोय, या गोष्टीवर त्यांचा गाढ विश्वास होता.

त्यांचा मदतनीस म्हणजे त्यांचा सख्खा मेहुणा. पाणीपुरवठा खात्यातली नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी तो भावोजींबरोबर पाठलागाला जायचा. यात त्याची हौस शून्य होती. "तू बरोबर राहा, म्हणजे मार खाल्ला तर घरी आणायला कोणीतरी असेल," असं ताईने, म्हणजे भावोजींच्या बायकोने, बजावलं होतं आणि ताईचा शब्द त्याने लहानपणापासून मोडला नव्हता.

त्या दिवशी आलेल्या बाई शाळेत गणित शिकवत होत्या. मोठ्या कष्टाने वर्षभराची बिनपगारी रजा मंजूर करून घेऊन त्या गणिताचं पुस्तक लिहायला बसणार होत्या. आणि नेमका याच वर्षी नवरा बिघडला होता. नवरा पुलांचे आराखडे काढणारा इंजिनिअर, सरळमार्गी माणूस. पण हल्ली तो पहाटे उठून मागच्या खोलीची लांबी-रुंदी टेपने मोजायचा. कचऱ्याच्या डब्यातून पेट्रोलच्या पावत्या काढून, झटकून खिशात ठेवायचा. स्वतःच्या एकट्याच्या नावावर त्याने वेगळं खातं उघडलं होतं. आणि दर तीन महिन्यांनी फोनवर कुणाला तरी हळू आवाजात सांगायचा, की या वेळचे पैसे वेळेत भरतो, चुकलं तर व्याज लावतील.

हे सगळं बाईंनी वर्गात प्रमेय मांडावं तसं मांडलं. मग चष्मा काढून पुसला आणि तो पुसतच राहिल्या.

"तो मला सोडून जाणार आहे असं वाटतंय," त्या म्हणाल्या. "खरं काय ते कळू द्या. रजा घ्यायची की नाही, हेसुद्धा मला त्यावरच ठरवायचं आहे."

मेहुण्याला वाईट वाटलं. भावोजींना आनंद झाला, पण तो त्यांनी मिशीआड दडवला.

पहिला निष्कर्ष जिन्यातच निघाला. खोली मोजतो, म्हणजे तिथून भुयार खणणार. बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, असं मेहुण्याने नम्रपणे सुचवलं. "म्हणूनच कुणाला संशय येणार नाही," भावोजी म्हणाले. मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या छताला आठवडाभर काहीच झालं नाही, तेव्हा त्यांनी भुयार बुजवून टाकलं.

दुसरा निष्कर्ष खंडणीचा होता. दर तीन महिन्यांनी पैसे, उशीर झाला तर व्याज, म्हणजे कुणीतरी त्याला धमकावतंय. मेहुण्यालाही हे पटलं. असं ठरल्या वेळी आपणहून पैसे नेऊन देणारा माणूस त्याने तरी पाहिला नव्हता. त्याचा पगार हातात यायच्या आधीच त्यातलं ज्याचं त्याला पोचलेलं असायचं. भावोजींचंही नोकरीत तेच झालं होतं.

शेवटी दोघांनी इंजिनिअरचा पाठलाग सुरू केला. भावोजींनी ओळख लपवायला काळा चष्मा, मफलर आणि टोपी घातली. उन्हाळा असल्यामुळे बसस्टॉपवरची माणसं त्यांना आजारी समजून बसायला जागा देऊ लागली. चौथ्या दिवशी इंजिनिअर एका कॉफीच्या दुकानात शिरला. तिथे फायली घेऊन बसलेल्या एका बाईला त्याने पावत्यांचा गठ्ठा दिला. दोघे शोधक मागच्या टेबलावर एकच मेनूकार्ड चेहऱ्यापुढे धरून बसले. त्या बाईचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"घर बायकोच्या नावावर आहे, हीच अडचण आहे. तिला विश्वासात घ्या, नाहीतर मला काही करता येणार नाही."

भावोजी मेहुण्याच्या कानाशी वाकले. खून, ते कुजबुजले. आणि इतक्या मोठ्याने कुजबुजले, की वेटर बिल घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या बाईंना भावोजींच्या घरी बोलावलं गेलं. पलीकडच्या खोलीत ताई दार उघडं ठेवून काम करत होती. ती तीन प्रकाशकांसाठी भाषांतरं करायची, आणि त्यातल्या एकाचं काम त्याच दिवशी संपवायचं असल्यामुळे तिचा पारा चढलेला होता. भावोजींनी घसा साफ करून भुयार, खंडणी आणि खून असा सगळा प्रवास वर्णन केला. खुनापर्यंत पोचल्यावर बाईंचा चेहरा पांढरा पडला.

तेवढ्यात ताई टंकलेखन थांबवून दारात आली.

"अहो, घाबरू नका. तुमचा नवरा कर भरतोय."

भावोजी म्हणाले, की कर सगळेच भरतात.

"तुम्ही कधी भरलात? तुमचा कापला जायचा," ताई म्हणाली. "नोकरी सुटली आणि माणूस सल्लागार म्हणून काम करायला लागला, की पूर्ण कर कापून घेणारं कोणी उरत नाही. वर्षभरात किती मिळेल याचा आपणच अंदाज बांधायचा, पैसे वेगळ्या खात्यात बाजूला ठेवायचे आणि दर तीन महिन्यांनी आगाऊ भरायचे. चुकलं की व्याज. कामासाठी केलेला खर्च वजा होतो, म्हणून पावत्या. घरातल्या खोलीत काम करत असलो तर तिचाही हिशोब, म्हणून टेप. ती फायलीवाली बाई त्याची करसल्लागार. घर बायकोचं असेल तर तिला भाडं द्यावं लागेल, आणि त्यासाठी तिला सांगावं लागेल. लग्न झाल्यापासून मी हेच करतेय. ही खोली मोजताना यांनी मला पाहिलंय."

"मला वाटलं, पडदे करायचेत," भावोजी पुटपुटले.

मेहुण्याला हसू आवरेना. पण बाईंकडे लक्ष गेलं आणि ते आपोआप आवरलं. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या.

"म्हणजे त्याची नोकरी गेली," त्या म्हणाल्या. "आणि मला कळलंसुद्धा नाही."

 नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात इंजिनिअर उभा होता, घामाघूम, छातीशी भली मोठी बॅग धरून. चार दिवस एक मफलरवाला आणि त्याचा साथीदार आपल्या मागावर आहेत, हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. करखात्याची माणसं असणार, असं समजून आदल्या दिवशी तो त्यांचा पाठलाग करत इथवर आला होता. बायको आत बसली आहे हे न बघताच त्याने बॅग उघडून भावोजींपुढे धरली.

"साहेब, सगळं वेळेवर भरलंय. कंपनीने काढलं, पण तेच पूल आता घरी मागच्या खोलीत बसून सल्लागार म्हणून काढतोय. काही लपवलेलं नाही. लपवलंय ते फक्त घरी."

"का?" बाईंनी विचारलं.

तो दचकून वळला. त्याने बॅगेची चेन ओढून बंद केली.

"तुला सांगितलं असतं तर तू रजा रद्द केली असतीस. इतकी वर्षं पुस्तक पुढे ढकलत आलीस. आता पुन्हा माझ्यामुळे नको होतं."

बाई उठून त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. रागावल्या होत्या आणि डोळेही भरले होते, दोन्ही एकदमच.

"गेले कित्येक महिने मी रात्री जागीच असते. तू कुणाबरोबर जाशील याचा विचार करत. मूर्खा, मला निदान मोजायला तरी बोलवायचंस."

त्याने मान खाली घातली. चुकलं, म्हणाला. ताईने मेहुण्याला डोळ्यांनी खुणावलं, तसा तो भावोजींना हाताला धरून खिडकीपाशी घेऊन गेला. भावोजी तिथूनही बॅगेकडे संशयाने बघत होते.

"रजा मी रद्द करणार नाही," थोड्या वेळाने बाईंचा आवाज आला. "पण एक सांग. मी रजेवर गेल्यावर माझा कर कोण कापणार?"

इंजिनिअरने गंभीरपणे विचार केला.

"कोणीच नाही. कापायला पगारच नसेल."

बाई इतक्या मोठ्याने हसत सुटल्या की तोही हसायला लागला.