मरीमायची जागा

अकोल्यात होऊ घातलेल्या स्टेशनाजवळची जागा खुशालरावांनी घेतली खरी, पण स्वतःच्या नावावर नव्हे. जागेच्या कडेला असलेल्या मरीमायच्या नावावर! मालक देवी, वहिवाट खुशालरावांची. उद्या धाकटा भाऊ नत्थुजी वाटा मागायला आला, तर देवीपुढे हात जोडण्यापलीकडे काय करणार? ही युक्ती त्यांनी घरात बायकोलाही कळू दिली नव्हती. कापसाला सोन्याचा भाव आला होता, माणसं बैलांची शिंगं चांदीनं मढवत होती. काय दिवस होते ते!

पण जागा देवीची, हे लोकांनी फारच मनावर घेतलं. तिथे कापसाच्या गाड्या मुक्कामाला थांबू लागल्या. खुशालराव भाडं मागायला गेले, तर गाडीवान त्यांच्याकडे बघतच राहिला.

"मायच्या अंगनात भाडं कायचं, पाटील?"

नवरात्रात नत्थुजीनं तिथेच गावजेवण ठरवलं. "दादा, वहिवाट तुमची हाये ना? मंग भंडारा बी तुमचाच!"

खुशालरावांनी दात-ओठ खात पंगती वाढल्या.

अखेर अमरावतीच्या एका व्यापाऱ्यानं जागा मागितली. ती विकून सगळा पैसा कापसात घालायचा, या विचारानं खुशालरावांची झोप उडाली. नत्थुजी पुन्हा आडवा आला.

"मालकिनीले इचारलं काय? कौल लावा."

खुशालरावांच्या पत्नीनं, माणिकबाईंनी, सकाळीच देवीला तेल-शेंदूर लावला. दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. उजवं काही केल्या हलेना. डावं टपकन पडलं. खुशालरावांनी चरफडत व्यापाऱ्याला नकार कळवला.

मग मुंबईहून बातमी आली. ज्या लढाईनं इथल्या कापसाला भाव चढवला होता, ती सातासमुद्रापलीकडची लढाई थांबली होती आणि कापूस कोसळला होता. भलेभले धुळीला मिळाले. खुशालरावांची जागा तेवढी जागच्या जागी राहिली.

म्हातारपणी त्याच जागेवर, लिंबाखाली खाट टाकून खुशालराव पडून राहत. एकदा ते देवीकडे बघत म्हणाले, "मायनं वाचवलं आपल्याले."

"मायनंच," माणिकबाई म्हणाल्या. "मी फकस्त उजव्या खांद्याले शेंदूर जरा जाड लावला होता. कापसापायी फिरलेले तुमचे डोये पाहून मले भेवच वाटलं होतं."

खुशालराव ताडकन उठून बसले. "अन् हे तू मले आता सांगून राहिली?"

"तुमी जागा घेतली, तवा मले सांगतलं होतं काय?"

खुशालरावांनी देवीला हात जोडले आणि ते पुन्हा आडवे झाले.