फ्रिजवरची काच

"माय, फ्रिजवरची काच कुठं हाय?"

"डबीतली? थे प्रेमसिंगनं नेली." बेबीताई तूर निवडत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. "ताप आलेल्याइच्या काचा गोळा करून राह्यला होता दवाखान्यासाठी. तुले मांगच्या हप्त्यात ताप नव्हता काय? मले वाटलं, एवढी शिकलेली पोरगी, घरीच रक्त काढून ठेवलं असन."

"माय, तिच्यावर रक्त दिसलं काय तुले?"

"तेच तं म्हणतो मी! पांढरीफटक होती. खात जाय, खात जाय, म्हणून किती सांगतो..."

सुरभीच्या हातातली आलूभज्यांची पुडी खाली पडली. त्या काचेवर, म्हणजे तिच्या स्लाइडवर, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं एकुलतं एक जीवाश्म कवच होतं. घरच्याच वावरात बोअर मारताना निघालेल्या दगडातून तिनं ते वेगळं केलं होतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पाण्यातला एक एकपेशीय जीव त्यात दडी मारून बसला आणि मग दार उघडून निघून गेला. कवचाला तीन शिंगं होती. ही नवी प्रजाती आहे, असं सुरभीचं म्हणणं आणि तिची पीएचडी त्या शिंगांनाच टांगलेली! गाइड भीमराज सरांनी मात्र फोटो पाहूनच नाक मुरडलं होतं. "शिंगं लांब असली म्हणून बकरीची म्हैस होत नाही," म्हणायचे. आज महागावला लग्नाला जाता जाता ते घरी थांबून खुद्द नमुना पाहणार होते. त्यासाठी तिनं कॉलेजातून मायक्रोस्कोप उचलून आणला होता. आता मायक्रोस्कोप होता, भजी होती, काच तेवढी नव्हती.

तिनं स्कूटीला किक मारली. हिवतापाच्या काचेवर रंग ओततात आणि मग ती धुतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे तीन वर्षांची मेहनत थेट मोरीत! त्यात कापसानं भरलेली गाडी नेमकी रस्ता अडवून उभी. "भाऊ, सरकवा ना जराशी!" ती रडकुंडीला येऊन ओरडली.

आरोग्य केंद्रात ती धापा टाकत शिरली. काच अजून धुतली नव्हती. धुणार कशी? ती नुसती मायक्रोस्कोपखाली पाहूनच डॉक्टर रुबीनांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मागं डेंग्यूचा एक पेशंट त्यांच्या नजरेतून निसटला आणि वरून मेमो आला होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

"सुरभी तूच का? आधी झोप इथं. प्रेमसिंग, सलाइन!"

"मॅडम, मले काही नाही झालं! थे मेलेलं हाय, साडेसहा कोटी वर्षांपासून!"

"ताप डोक्यात गेलाय," मॅडम प्रेमसिंगला हळूच म्हणाल्या.

सुई टोचून झाली. "असला शिंगवाला जंतू मी जन्मात पाहिला नाही," मॅडम म्हणाल्या. "शंकेची काच जिल्ह्याला पाठवावी लागते. ती काही परत येत नाही बरं का."

प्रेमसिंग खोका आणि चिकटपट्टी घेऊन तयारच होता. काय करावं बिचाऱ्या सुरभीनं? तीन वर्षं जे ओरडून सांगितलं, त्याच्या नेमकं उलटं तिनं सुरू केलं.

"मॅडम, हे एकदम मामुली हाय. पैशाला पासरी! आमच्या वावरातली माती उचला, ढिगानं सापडतीन. यात नवं काहीच नाही, आईची शपथ!"

"शाब्बास!" दारातून आवाज आला. भीमराज सर! बेबीताईंनी त्यांना भजी चारून इकडं पिटाळलं होतं. "तीन वर्षांत पहिल्यांदा खरं बोललीस."

धरणीनं पोटात घ्यावं, असं सुरभीला झालं. पण डॉक्टर रुबीना भडकल्या. "मामुली? तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय का? या, बघा!"

सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ ते नुसती कळ फिरवत राहिले.

"शिंगांची टोकं दुभंगलेली... आणि दार वर नाही, बाजूला आहे! फोटोत हे दिसलंच नव्हतं." सरांनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला. "सुरभी, मी हरलो. ही नवीच प्रजाती आहे!"

सुरभी सलाइनच्या नळीसकट उठून बसली. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"म्हणजे साहेब, जगात याची कुठंच नोंद नाही?" डॉक्टर रुबीनांनी विचारलं.

"कुठंच नाही! सहीनिशी लिहून देतो."

"द्या."

सरांनी झोकात सही ठोकली. मॅडमनी कागद नीट घडी करून खिशात घातला.

"प्रेमसिंग, काच पॅक कर. आणि पेशंटला परत आडवं कर."