दहापर्यंत मोजायचं

आठवडा झाला तरी धर्मसिंगबाबांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. कहकशा हिंगोलीत वाचा-उपचार सहायकाचं प्रशिक्षण घेत होती आणि एका रुग्णाची महिनाभराची नोंद दिल्याशिवाय तिला प्रमाणपत्र मिळणार नव्हतं. तिच्या वाट्याला आले ते आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावरचे धर्मसिंग. चार महिन्यांपूर्वी लकव्याने त्यांची वाचा गेली होती.

खरी अडचण त्यांच्या बायकोची, जिवनबाईंची होती.

"बाबा, हे काय आहे?" कहकशाने चित्र दाखवलं.

"गाय म्हणतात ते," जिवनबाई म्हणाल्या.

"मावशी, तुमी बोलू नका. शब्द त्यांना सापडू द्या. मनात दहापर्यंत मोजायचं, तोवर गप्प."

आठव्या दिवशी दोघी अंगणात बाबांसमोर, गोठ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. बाबांचे डोळे एकाएकी मोठे झाले. "आ... आ..."

जिवनबाई उठू लागल्या. "अगं, त्यांची नजर बघ..."

"मावशी, बसा."

"पण काहीतरी झालंय."

कहकशाने ओठांवर बोट ठेवलं. जिवनबाई बसल्या. बाबांनी धडधाकट डावा हात उचलून दोघींच्या मागे दाखवलं.

"हात नाही बाबा, शब्द," ती म्हणाली आणि मोजू लागली.

सातावर बाबा स्वच्छ बोलले, "आग."

"शाब्बास," कहकशा म्हणाली आणि वहीत वेळ लिहू लागली. लिहिता लिहिताच तिला धुराचा वास आला.

जिवनबाईंनी सकाळी उकिरड्यावर टाकलेल्या राखेत निखारा होता. वाऱ्याने तो कडब्याच्या गंजीत नेला. म्हशीचं दावं कापलं म्हणून ती वाचली. गंजी आणि अर्धा गोठा गेला.

"चाळीस वर्सं झाली," काळवंडलेल्या तोंडाने जिवनबाई म्हणाल्या. "त्यांची नजर फिरली की मला कळते. तू बोलू दिलं न्हाईस."

कहकशाने घडलं ते सगळं वहीत लिहिलं, प्रशिक्षणाच्या मॅडमना वाचून दाखवलं आणि दोन दिवसांनी चित्रं न घेताच तांड्यावर आली.

"मावशी, आता तुमीच मला शिकवा. त्यांचं तुमाला कसं कळतं?"

पोत्यावर सरकून जिवनबाईंनी जागा करून दिली. नुकतीच पेज पिऊन झालेल्या बाबांनी हात गळ्याशी नेला.

"हे काय म्हणून राहिले?" कहकशाने विचारलं.

"मरू दे, म्हणतात." जिवनबाई हळूच म्हणाल्या. "रोज सकाळी पेज पाजली की गळ्याला हात लावतात. मी आत जाऊन रडते. लेकरांना बी सांगितलं न्हाई."

बाबांनी बायकोकडे बघितलं आणि मान हलवली. नाही. पुन्हा हलवली. ओठ जुळले, सुटले.

"च..."

जिवनबाईंनी उघडलेलं तोंड मिटलं.

"च्या," धर्मसिंग म्हणाले.

जिवनबाई कपाळाला हात लावून बसल्या. लकव्याला चहा वाईट, असं कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनीच तो बंद केला होता.

"ह्यांच्या मनातलं मरण काढ म्हणून देवीला बकऱ्याचा नवस बोलले मी," चूल पेटवायला उठत त्या म्हणाल्या. "आता तो फेडायचा का न्हाई?"